गोल पाठीचं जुनं मँडोलिन: लेबलवर १७८४, खरं वय कसं ठरवायचं?

गोदाकाठ
भद्रकालीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात गोल पाठीचं मँडोलिन विकायला आहे. आत कागदी लेबल आहे: व्हिनाच्चा, नापोली, १७८४. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे देवळाली कॅम्पातल्या बंगल्यातून आलेला इटालियन माल, अडीचशे वर्षांपूर्वीचा. मागणी ४५ हजार. सोबत काळी पेटी आहे. तारा आवळायच्या आठ चाव्या, त्यातल्या सात चालतात. तबलीवर, म्हणजे समोरच्या पातळ फळीवर, फुलपाखराचं शिंपल्याचं काम आहे. वय आणि घराणं कसं ओळखायचं? दुकानदार वाद्य हाताळू देतो, मापंही घेऊ देतो.

सरस_आणि_शिसव
१७८४ लगेच खोडून टाका. लेबल खरं असो वा खोटं, वाद्य त्या सालचं नाही. तुम्ही लिहिलेल्या एका शब्दावरूनच ते कळतं: चाव्या.

अठराव्या शतकातल्या नापोलीच्या मँडोलिनला दातेरी चाव्या नसत, व्हायोलिनसारख्या लाकडी खुंट्या असत. पडद्यांची (स्वर धरायच्या धातूच्या आडव्या काड्यांची) पट्टी तबलीच्या पातळीतच बसवलेली असे, उचललेली नसे. वरच्या तारा आतड्याच्या होत्या, म्हणजे ताण बेताचा. पोलादी तारा, त्यांचा ताण झेलणाऱ्या दातेरी चाव्या, खोल पोट आणि तबलीतल्या भोकाकडे उचलून नेलेली पडद्यांची पट्टी हा बदल १८३५ च्या सुमारास झाला आणि त्याचं श्रेय पास्क्वाले व्हिनाच्चाला दिलं जातं. व्हिनाच्चा घराणं अठराव्या शतकात नापोलीत वाद्यं करत होतं हे खरं आहे, म्हणून तर त्यांची लेबलं चिकटवतात. पण हा सांगाडाच १८३५ नंतरचा.

या धाग्यावर एकच नियम धरून चालू. वाद्याचं वय त्याच्या सगळ्यात नव्या मूळ भागावरून ठरतं, सगळ्यात जुन्या दिसणाऱ्या भागावरून नाही. प्रत्येक खूण आपल्याला "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगते. अशा खुणा गोळा करत जायचं.

आता मापं द्या. नटपासून (डोक्याजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर, एकूण पडदे, दांडी कितव्या पडद्यापाशी पोटाला मिळते, पाठीच्या पट्ट्या किती, डोकं भरीव की खाचेचं, स्क्रूच्या डोक्यावर खाच एक की चौफुली. तारा मात्र ताणून बघू नका. दुकानदार "वाजवून दाखवतो" म्हणाला तरी नाही म्हणा.

चिवडा_मसाला
४५ हजार! देवळालीच्या बंगल्यातून आलं म्हटलं की नाशकात प्रत्येक खुर्चीला साहेबाचा वास येतो.

गोदाकाठ
मापं घेतली.
नट ते बारावा पडदा १६५ मिमी. एकूण १७ पडदे. दांडी दहाव्या पडद्यापाशी पोटाला मिळते. पट्ट्या १३, एक गडद एक फिकट अशा आलटून पालटून. डोकं भरीव, मागे चाव्यांच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या, बटणं पांढरी. स्क्रू सगळे एका खाचेचे. घोडीच्या (तबलीवर तारा उचलून धरणारा तुकडा) किंचित मागे तबली खाली दुमडलेली आहे. भोक आणि घोडी यांच्यामध्ये तबली सरळ पट्टीखाली अडीच मिमी खचलेली. बाराव्या पडद्यावर तार साडेचार मिमी उंच. घोडी सुटी आहे, उंची ८ मिमी. लंगोट (तारांची खालची टोकं अडकतात तो भाग) पत्र्याचा, वर झाकण. लेबल सोडून बाकी कुठे अक्षर दिसलं नाही.

आडवी_तार
१६५ ची दुप्पट ३३०. ही तारेची नापोली पद्धतीची नेहमीची लांबी, दहाव्या पडद्यावरचा जोडही तिथलाच. पण नापोली पद्धतीचं म्हणजे नापोलीत केलेलं नव्हे. १८८० च्या पुढे युरोपात आणि अमेरिकेत मँडोलिनची लाट आली आणि हाच आराखडा सगळ्यांनी उचलला. घराणी साधारण अशी ओळखतात.

नापोलीचं चांगलं काम: व्हिनाच्चा बंधू, रफाएले कालाचे. पट्ट्या वीस-पंचवीसच्या पुढे, शिसवाच्या, काही वेळा प्रत्येक पट्टी कोरून खोलगट केलेली. पडद्यांची पट्टी भोकावर पुढे वाढवलेली. सजावट बेताची, जोड मात्र नख न शिरेल असे. नापोलीच्याच दे मेल्योची खूण वेगळी. पोटाच्या कडेला हवेची भोकं आणि नटच्या पुढे शून्य पडदा. आतलं लेबल गेलं तरी ही दोन लक्षणं राहतात. उंबेर्तो चेकेरीनीच्या वाद्यात तबलीखाली दुसरी तबली असते. भोकातून टॉर्च मारला की दिसते.

रोमचं काम: लुइजी एम्बर्गेर. पोट अरुंद, दांडी व्ही आकाराची, पडद्यांच्या पट्टीला बाक, डोकं खाचेचं. एकदा पाहिलं की विसरत नाही. नाशकात मिळण्याची आशा ठेवू नका.

कातानिया, म्हणजे सिसिली: इथून स्वस्त मालाचे ढीग निघाले. शिंपला भरपूर, लाकूड सुमार, शिसव म्हणून रंगवलेलं दुसरंच काही. विकणाऱ्याच्या लेबलवर नापोली छापून जाणारी वाद्यंही यातलीच.

जर्मनी, बव्हंशी सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शन आणि आसपासची गावं. एका घरात पोट, दुसऱ्यात डोकं, तिसऱ्यात चाव्या असं काम वाटून घेतलेलं. लेबल नसतंच किंवा दुकानदाराचं असतं. गडद-फिकट पट्ट्या इथे सर्रास.

तुमचं वाद्य शेवटच्या दोनपैकी. १३ पट्ट्या, १७ पडदे आणि वर भलंमोठं फुलपाखरू, हा व्यापारी माल. फुलपाखरावर भाळू नका. ते तयार विकत मिळे, तबलीत खाच करून बसवलं की झालं. पैसा कुठे गेलाय ते पट्ट्यांच्या संख्येत आणि जोडांत बघायचं असतं.

तबला_नाही_तबली
पट्ट्यांच्या संख्येवरून साल काढता येतं का? पट्ट्या कमी तितकं जुनं, असं एका व्हिडिओत ऐकलं.

आडवी_तार
नाही. पट्ट्यांवरून दर्जा कळतो, वय नाही. एकच कारखाना एकाच वर्षी नऊ पट्ट्यांचं स्वस्त आणि तिसाच्या पुढचं महाग वाद्य विकायचा.

लाखेचा_डबा
फुलपाखराभोवतीची काळी-तपकिरी पट्टी कशाची आहे ते आधी बघा, त्यात वयही आहे आणि कायदाही.

कासवाच्या ढालीची असेल तर खरेदी-विक्रीच बेकायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. हस्तिदंताच्या बटणांचंही तेच. पण तेरा पट्ट्यांच्या वाद्यावर ढाल लावण्याइतका कोणी उदार नव्हता. ते सेल्युलॉइड असणार. अंगठ्याने जोरात दहा-पंधरा सेकंद घासा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचायची जुनी युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं, आणि खाली शंभर वर्षं वाळलेली तबली आहे. सेल्युलॉइड १८७० नंतरचं, वाद्यांवर सर्रास दिसू लागलं ते त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. म्हणजे १८३५ वरून आपण एका झटक्यात १८८० च्या पुढे आलो.

लेबलसाठी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणा, ऑनलाइन मिळतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा शक्यतो नको, त्याचा उजेडच दिसतो. अंधारात भोकातून लेबलवर मारा. १९५० च्या आसपासपासून कागदात शुभ्रता आणणारी रसायनं घालू लागले आणि असा कागद निळसर पांढरा झगमगतो. जुना कागद मळकट पिवळा, मेलेला दिसतो. तोच टॉर्च पाठीवर फिरवा. लाखेचं पॉलिश नारिंगी उजळतं. एखादा भाग वेगळा दिसला तर तिथे नंतर हात फिरलाय.

लेबलवर दहापट भिंगही धरा. ठशाच्या छपाईत अक्षराची कड थोडी दबलेली आणि शाई कडेला दाट दिसते. प्रिंटरवर काढलेल्या लेबलात रंगीत ठिपके दिसतात.

डोक्याची मागची बाजूही बघाच. चाव्यांच्या पट्ट्यांच्या मध्ये आणि पोट-दांडी जोडाजवळ देशाचा छोटा शिक्का असतो आणि तो मळाखाली जातो. कापूस पाण्याने जेमतेम ओला करून पुसा. स्पिरिट, थिनर काहीही नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, मळासोबत शिक्काही जाईल.

गोदाकाठ
केलं.
पट्टीला कापराचा वास स्पष्ट येतो. लेबल निळं पांढरं झगमगलं. त्याच्याभोवती लाकडावर तपकिरी सरसाचा मोठा चौकोन दिसतो, आताच्या लेबलपेक्षा चारही बाजूंनी सेंटीमीटरभर मोठा. डोक्यामागे मळाखाली इंग्रजी अक्षरं निघाली. पहिलं अक्षर झिजलंय, पुढचं वाचता येतं: "…र्मनी". त्याच्या वर आणखी एक ओळ असावी, वाचता येत नाही.
पेटीच्या झाकणावर रेल्वेचा फाटका कागद आहे: जी.आय.पी.आर., नासिक रोड.

सरस_आणि_शिसव
तर १७८४ चं लेबल १९५० नंतरच्या कागदावरचं, आणि ते लावण्याआधी तिथलं मूळ लेबल काढलेलं. दुकानदारावर लगेच जाऊ नका, हे काम त्याच्या आधीच्या कोणाचंही असू शकतं.

देशाच्या शिक्क्याचा हिशेब असा. ब्रिटनचा व्यापारचिन्हांचा कायदा १८८७ चा, हिंदुस्थानातला १८८९ चा, अमेरिकेचा आयात कर कायदा १८९० चा. परदेशी मालावर मूळ देश लिहायची सक्ती आली ती या काळात. म्हणून इंग्रजीत "जर्मनी" असलेलं निर्यातीचं वाद्य १८८७ च्या आधीचं धरायचं नाही. वरच्या टोकाला १९४९ नंतर पश्चिम जर्मनीच्या मालावर बहुधा "वेस्टर्न जर्मनी" किंवा "वेस्ट जर्मनी" येतं. नुसतं "मेड इन जर्मनी" नंतरही दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरून वरची हद्द बांधता येत नाही. वाचता न आलेली ओळ महत्त्वाची. टॉर्च अगदी तिरपा धरून फोटो काढा.

नाशिकरोड_फलाट४
तो रेल्वेचा कागद सोडू नका. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे ही पेटी तरी १९५१ पर्यंत नाशिक रोडला उतरलेली आहे. पेटी आणि वाद्य एकमेकांचंच का, ते बघा: आतल्या मखमलीवर घोडीचा, लंगोटाच्या झाकणाचा दाब उमटलेला असतो. तो या वाद्याशी जुळला तर जोडी जुनी.

आपल्याकडच्या जुन्या वाद्यांना लागू पडणाऱ्या आणखी खुणा सांगून ठेवतो. दुकानदाराच्या लेबलवर किंमत रुपये-आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नुसतं "मुंबई १" किंवा "बॉम्बे १" असेल तर बहुधा त्याआधीचं. मात्र ही तारीख दुकानात विकलं गेल्याची, वाद्य केल्याची नव्हे. फुर्तादोसारखं मुंबईचं वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे, तेव्हा दुकानाचं नाव बघून भुलू नका.

जुनं_ते_सोनं
माझं मत १८९५ च्या आसपास. पडदे बघा. पडद्याचा छेद टी आकाराचा नसून नुसती उभी पट्टी असेल तर एकोणिसावं शतक पक्कं.

आडवी_तार
पक्कं नाही. पट्टीचे पडदे जुनेपणाकडे बोट दाखवतात, एवढंच. मार्टिनसारखी नावाजलेली अमेरिकन कंपनी गिटारला १९३४ पर्यंत पट्टीचेच पडदे लावत होती. उलट टी पडदे दिसले तर ते नंतर बदललेले असू शकतात. एक खाचेचे स्क्रूही असेच फसवे. चौफुलीचे स्क्रू १९३० च्या दशकातले, ते मूळचे असतील तर वाद्य त्यानंतरचं. पण एक खाचेचे स्क्रू आजही मिळतात, त्यावरून काहीच ठरत नाही. जुन्या वस्तूत नवी गोष्ट सापडली की ती बोलते. जुनी सापडली तर गप्प बसते.

लाखेचा_डबा
पुढची पायरी पोटाच्या आत. पट्ट्यांचे जोड आतून कागदाने किंवा कापडाने मढवलेले असतात. मोबाईलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा घ्या, साडेपाच मिमी जाडीचा, टोकाला दिवे असलेला. त्याचा पुढचा आरसा लावून भोकाच्या आजूबाजूची तबलीची आतली बाजूही बघा. स्वस्त वाद्यांना आतून रद्दी चिकटवत, आणि रद्दीवर छपाई असते. तीन गोष्टी बघा: मढवणीचा कागद छापील आहे का, तबलीखाली आधाराला लावलेल्या आडपट्ट्यांवर पेन्सिलीचा आकडा आहे का, कुठे पांढरा फेविकॉल दिसतो का.

गोदाकाठ
आत वर्तमानपत्राचे तुकडे आहेत! अक्षरं टोकदार, जुन्या जर्मन वळणाची. बहुतेक सरसाखाली काळं पडलंय. एका तुकड्यावर भावांची यादी असावी: "ब्रोट" आणि पुढे "२५०० एम." तारखेचा भाग सापडत नाही. फेविकॉल कुठे दिसला नाही. एका आडपट्टीच्या टोकाला फट आहे.
डोक्याच्या तिरप्या फोटोत वरची ओळ "मेड इन" अशी वाचता येते.

सरस_आणि_शिसव
हा तुकडा लाखमोलाचा.

ब्रोट म्हणजे पाव, एम म्हणजे मार्क. पावाला अडीच हजार मार्क हा भाव जर्मनीच्या इतिहासात एकाच अरुंद खिडकीत बसतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत बर्लिनला पावाचा भाव जानेवारी १९२३ मध्ये अडीचशे मार्कांच्या आसपास होता, जुलैत साडेतीन हजारांच्या जवळ, सप्टेंबरात पंधरा लाखांवर आणि नोव्हेंबरात अब्जांत. त्यानंतर नवं चलन आलं. तुकडा पावाच्या भावाचाच असेल तर तो १९२३ च्या उन्हाळ्यातला. टोकदार वळणाची छपाई सरकारने १९४१ मध्ये बंद केली, तेही जुळतं.

आता शंका घ्यायची जागा. मढवणी नंतरच्या दुरुस्तीत चिकटवलेली असू शकते. तसं असेल तर १९२३ ही दुरुस्तीची तारीख आणि वाद्य १८९५ चंही असू शकेल. हे तपासता येतं. कॅमेरा लंगोटाच्या बाजूच्या लाकडी ठोकळ्याकडे आणि तबलीच्या कडेखालच्या पट्टीकडे न्या. कागद ठोकळ्याच्या किंवा कडपट्टीच्या खाली गेलेला दिसतो, की त्यांच्यापाशी येऊन कापलेला? खाली गेला असेल तर तो तबली बसवण्याआधीचा, म्हणजे मूळ. तबली बसल्यावर भोकातून हात घालून ठोकळ्याखाली कागद सरकवणं शक्य नाही.

गोदाकाठ
दोन ठिकाणी बघितलं. कडपट्टीखाली कागद स्पष्ट गेलाय. ठोकळ्यापाशी एका कोपऱ्यात अक्षर अर्धं ठोकळ्याखाली आहे.

सरस_आणि_शिसव
मग मढवणी मूळ. वाद्य १९२३ च्या उन्हाळ्याच्या आधीचं नाही.

वरची बाजू तितकी घट्ट बांधता येत नाही. रद्दी कारखान्यात फार वर्षं पडून राहत नाही, आणि त्या वर्षीची वर्तमानपत्रं तर ढिगाने निघाली. १९२३ ते १९३० हा पट्टा मी धरेन, त्यातही सुरुवातीकडे कल. १९५१ च्या आत नाशिक रोडला पेटी उतरली हे त्याला जुळतं, पण त्याने पट्टा अरुंद होत नाही.

जागा: सॅक्सनी, मार्कनॉयकिर्शनचा परिसर. शेजारचं शॉनबाख हेही वाद्यांचं मोठं गाव, पण १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियात होतं आणि नंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं. तिथल्या मालावर जर्मनीचा शिक्का यायला नको.

करणाऱ्याचं नाव मिळणार नाही. मूळ लेबल काढलेलं आहे आणि ते असतं तरी बहुधा विकणाऱ्याचंच निघालं असतं.

जुनं_ते_सोनं
पण फुलपाखराची नक्षी १८९० च्या मालासारखीच आहे.

आडवी_तार
असेल. तयार नक्षी कित्येक दशकं तशीच विकत होते. नक्षीचा साचा जुना असला म्हणून कागद नवा होत नाही आणि कागद नवा असला म्हणून नक्षी खोटी ठरत नाही. दोन्ही एकाच वाद्यात आहेत, म्हणून वय कागदाकडून घ्यायचं.

तबला_नाही_तबली
मग घ्यावं का? आणि वाजेल का?

सरस_आणि_शिसव
४५ हजारांना नाही. हे नापोलीचं नाही, १७८४ चं नाही आणि दुरुस्तीला आलेलं आहे. मापांतूनच ते दिसतं.

तबली खचली की घोडीही खाली जाते, त्यामुळे तार पडद्यांच्या जवळ यायला हवी. इथे तबली अडीच मिमी खचूनही तार साडेचार मिमी वर आहे. म्हणजे दांडीही पुढे ओढली गेलीय. पोलादी फूटपट्टी पडद्यांवर ठेवून घोडीकडे सरकवा. टोक घोडीच्या माथ्याच्या जवळ लागलं तर ठीक. मधल्या उंचीवर किंवा त्याखाली आदळलं तर दांडीचा कोन गेलाय. बाराव्या पडद्यावर दोन मिमीच्या आसपास तार हवी. तिथे एक मिमी कमी करायला घोडी दोन मिमी घासावी लागते. साडेचारवरून अडीचवर यायचं तर घोडीतून चार मिमी जाणार, आठातले उरणार चार. मग तारा लंगोटाकडे उतरताना घोडीवर पुरेशा दाबत नाहीत, आवाज बसतो आणि पिकने घोडी सरकते. त्याऐवजी पडदे काढून पडद्यांची पट्टी उतरती तासणं किंवा दांडीचा जोड सोडवून कोन सुधारणं, आणि यातलं काहीही स्वस्त नाही. पाच-सहा हजारात मिळत असेल तर विचार करा. वर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या पुढे जाईल हे गृहीत धरून.

आडपट्टीच्या फटीत पोस्टकार्डाची पट्टी सरकवून बघा. आत गेली तेवढी आडपट्टी सुटलेली. खचण्याचं मूळ बहुधा तिथेच.

लाखेचा_डबा
पाठीचे जोड सुटलेत का तेही बघा. बोटाच्या पेराने प्रत्येक पट्टीवर हलकं ठोका, सुटलेली पट्टी खरखरते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जोड उघडतात आणि जूनमध्ये ओल लागली की मिटतात. म्हणून पावसाळ्यात घेतलेलं वाद्य उन्हाळ्यात फुटलेलं निघतं. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के राखा.

जोड चिकटवायला सरसच वापरा. फेविकॉल ताणाखाली हळूहळू सरकतो आणि नंतर त्यावर सरस धरत नाही. अराल्डाइट लावलं तर पुढच्या कारागिराला लाकूडच फोडावं लागेल. एक भाग सरसाच्या दाण्यांना दोन भाग पाणी, रात्रभर भिजवायचं, मग पाण्याच्या बाहेरच्या भांड्यात ६० अंशापर्यंत तापवायचं. त्याच्या फार वर गेलं की पकड कमी होते. जोड आधी हेअर ड्रायरने कोमट करा, नाहीतर सरस लावता लावता थिजतो. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून पोटाभोवती गुंडाळा, आवळून नव्हे, जोड बसेल इतक्याच. एक दिवस तसंच ठेवा. पाठ घासून नवं पॉलिश करायचा मोह टाळा, जुनी लाख गेली की वाद्याची उरलेली किंमतही गेली.

लाकडात एक-दोन मिमीची गोल भोकं आणि खाली ताजी पिवळी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे. असं वाद्य घरातल्या दुसऱ्या वाद्यांजवळ आणू नका.

आडवी_तार
तारांबद्दल. दुकानात मँडोलिनचा म्हणून जो सेट मिळतो तो बहुधा ०.०११ पासून ०.०४० इंचापर्यंतचा, सपाट पाठीच्या जाड वाद्यांसाठी. तो यावर चढवू नका. ३३० मिमी लांबीवर वरच्या ई स्वराला ०.०११ च्या एका तारेचा ताण नऊ किलोच्या वर जातो, ०.००९ चा सव्वासहा किलोच्या आसपास. असा फरक आठही तारांत साठतो आणि पातळ तबलीवर येतो. ०.००९, ०.०१३, ०.०२२, ०.०३२ असा सेट जुळवा. पहिले काही आठवडे पूर्ण एक स्वर खाली लावा, रोज तबलीवर फूटपट्टी ठेवून खळगा वाढतोय का बघा.

घोडीची जागा: नट ते बारावा १६५, तेवढंच पुढे, आणि वर दीड-दोन मिमी. घोडी तबलीच्या दुमडीच्या पुढे, भोकाच्या बाजूला बसायला हवी. दुमडीवर किंवा मागे ठेवलीत तर सूर कधीच जुळणार नाही. सगळ्या तारा एकदम काढू नका, सुटी घोडी पडली की जागा हरवते. पेन्सिलीने तबलीवर खूण नको, कागदी टेपचा तुकडा लावा.

नाशिकरोड_फलाट४
अवांतर: परदेशी कोणाला पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, १९७२ चा कायदा. ती तशी नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. १९२३ ते १९३० म्हणजे अगदी उंबरठ्यावर.

गोदाकाठ
दुकानदाराला लेबलचा यूव्ही फोटो आणि कागदाचा फोटो दाखवला. बारा हजारांवर आला. सहाच्या वर जाणार नाही असं सांगून ठेवलंय. आडपट्टीत पोस्टकार्ड चार सेंटीमीटर आत जातं.

इंदिरानगरी
याच धाग्यात विचारतो. गोल पाठीचं, आत "सुझुकी, नागोया" असं लेबल, त्यावर जपानी अक्षरं आणि २८ आकडा. १९२८ का?

सरस_आणि_शिसव
आकड्याआधी दोन जपानी अक्षरं आहेत का बघा. जपानी साल सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजतात; अक्षरं शोवा काळाची असतील तर २८ मध्ये १९२५ मिळवा, १९५३ येतं. ताइशो असेल तर १९११ मिळवायचे, पण ताइशो पंधरा वर्षांवरच संपतो, त्यामुळे २८ तिथे बसत नाही. अक्षरं नसतील तर तो मॉडेलचा आकडाही असू शकतो. सुझुकीचा कारखाना १८८७ चा, लेबलं बऱ्याच प्रकारची आहेत. आडवी जपानी ओळ उजवीकडून डावीकडे लिहिलेली असेल तर युद्धाआधीची धरायला हरकत नाही. "ऑक्युपाइड जपान" असेल तर १९४७ ते १९५२. वेगळा धागा काढा आणि लेबलचा फोटो टाका. फ्लॅश बंद ठेवा, दिवा बाजूने.